तेजश्रीच्या पाटीवरचे खरे-खोटे

मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्या चौकटीचा एक कोपरा तुटला आहे आणि उजवीकडे वरून निम्म्यापर्यंत एक बारीक चीर गेली आहे. खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका घरात, फडताळाच्या वरच्या फळीवर मी उभी असते. मित्रांनो, पाटीवरचे पुसले जाते म्हणून पाटीला काही आठवत नसेल, असे तुम्हाला वाटत असेल. पण माझ्यावर लिहिलेली अक्षरे माझ्या आत कुठेतरी उतरून राहिली आहेत. मला तर ऐकूही येते. जिच्यासाठी मला घरात आणले, तिला मात्र जन्मापासून ऐकू येत नाही. तिचे नाव तेजश्री.

माझा जन्म कुठल्या डोंगरात झाला ते मला ठाऊक नाही. दगडाचे पातळ पापुद्रे सुटे करताना होणारा खटखट आवाज तेवढा आठवतो. मग मला घासले, काळी गुळगुळीत केली आणि चार पट्ट्यांच्या लाकडी चौकटीत बसवले. तिथून मी शिळफाट्याला युनूसभाईंच्या दुकानात आले. तिथे वह्या, रंगपेट्या, प्लास्टिकच्या रंगीत पाट्या सगळे होते. मुले प्लास्टिकच्या पाट्या नेत. मी मागच्या फळीवर धूळ खात पडले होते. युनूसभाई कधीमधी माझ्यावर फडके मारत आणि पुन्हा तिथेच ठेवत.

एका मे महिन्यात तेजश्रीचे दत्ताआजा दुकानात आले. साजगावच्या एका कारखान्यात रखवालदारी करून ते नुकतेच घरी बसले होते. त्यांनी दगडीच पाटी मागितली. नातवंड पहिलीत आहे का, असे युनूसभाईंनी विचारले.

"पहिलीत नाय, सात वर्षांची हाय," आजा म्हणाले. "तिला आयकू येत नाय. तिच्याशी बोलाया पायजे मला."

युनूसभाईंनी मला दोनदा पुसले आणि पेन्सिलींचा एक पुडा माझ्यासोबत तसाच दिला.

तेजश्री पनवेलच्या पुढे एका निवासी शाळेत शिकत होती. तिथल्या मुली हातांच्या खुणांनी बोलत. हसत, भांडत, एकमेकींच्या चहाड्याही करत. सुट्टीला घरी आली की मात्र तिचे हात गप्प होत, कारण घरात कुणालाच त्या खुणा येत नव्हत्या. बाप निलेश कारखान्यात पाळीवर जाई. आई नंदा घर, शेत आणि दोन म्हशी सांभाळी. सगळे तिच्यावर माया करत, पण ओसरीवर चार माणसे हसली की तेजश्री एकेकाच्या तोंडाकडे बघत बसे आणि शेवटी उठून परसात निघून जाई. मी आले आणि तिला बोलायला एक जागा मिळाली.

पण त्यातही एक अडचण होती, आणि ती पहिल्यांदा मलाच कळली. माणसे लिहितात तेव्हाही बोलल्यासारखेच लिहितात. एकदा नंदा स्वयंपाकात गुंतली होती आणि तेजश्री पाटी घेऊन प्रश्नावर प्रश्न विचारत होती. नंदाने घाईत लिहिले, "माझं डोकं खाऊ नको." तेजश्रीचा चेहरा पडला. तिने आईच्या डोक्याकडे पाहिले, स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी असे कधी केले, हेच तिला समजेना. दुसऱ्यांदा निलेशने लिहिले, "पाय मोकळे करून येतो," तर ती त्याचे पाय कशाने बांधले आहेत ते वाकून बघू लागली. घरातले हसले. हसू कशाचे हे तिला कुणी लिहून सांगितले नाही.

हे ध्यानात आले ते फक्त आजांच्या. ते चौथी शिकलेले होते आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्यावरचे "डोकं खाऊ नको" पुसले आणि लिहिले, "आई दमली हाय. थोडं थांब. मग विचार." तेजश्रीने डोळे पुसले आणि मान हलवली. तेव्हापासून आजा तिच्याशी असेच लिहीत. भात शिजला, ये. म्हैस व्याली, बघायला चल. मला आज बरं नाय. त्यांच्या लिहिण्यात शब्दाला जेवढा अर्थ असे तेवढाच असे. दुसऱ्या कुणी लिहिलेले तिला अडले, की ती मला घेऊन आजांकडे धावे आणि आजा ते सरळ करून लिहून देत.

गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीवर बहिरी देवाचे देऊळ आहे; भैरवाला इकडे बहिरी म्हणतात. तेजश्री आठ वर्षांची असताना गावातल्या मुलांनी तिला "बहिरी, बहिरी" म्हणून चिडवले. तिला ऐकू आले नाही, पण ओठांवरून तो एक शब्द वाचता आला. ती रडत आली. आजांनी तिला आणि मला टेकडीवर नेले आणि देवळाच्या कमानीवरचे नाव दाखवले. मग माझ्यावर लिहिले, "हा पण बहिरी. हा मोठा देव हाय." तेजश्रीने ते नाव पुन्हा पुन्हा वाचले. देवालाही आपल्यासारखेच ऐकू येत नाही, असा तिचा समज झाला आणि आजांनी तो मोडला नाही. त्यांनी तिच्याशी सरळ न लिहिलेली एवढी एकच गोष्ट. पुढे ती प्रत्येक सुट्टीत टेकडीवर जाई आणि देवाशी हातांच्या खुणांनी बोले.

ती नऊ वर्षांची असताना, गणपतीच्या दिवसांत दत्ताआजा वारले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी संपले. पोर लहान आहे, तिकडे शाळेत आहे, तिला कशाला आणायचे, असे घरात ठरले. मी खुंटीला टांगलेली होते. आजांना उचलून नेले ते मी पाहिले. त्यानंतर दीड महिना मला कुणी हात लावला नाही.

दिवाळीला तेजश्री आली. पायातल्या चपला काढायच्या आधी तिने मला खुंटीवरून काढले आणि लिहिले, "आजा कुठे?"

निलेशने पेन्सिल हातात घेतली. ती बराच वेळ माझ्यावर टेकून राहिली. शेवटी त्याने लिहिले, "आजा देवाघरी गेला."

तेजश्री हसली. तिने मान डोलावली आणि आईने दिलेला लाडू खाल्ला. निलेश आणि नंदा एकमेकांकडे बघत राहिले. पोरीने किती शहाणपणाने घेतले, असे नंदा हळूच म्हणाली. त्यांना कळले नाही. मला कळले होते, पण पाटीला कुठे सांगता येते?

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्रीने मला काखेत मारले आणि ती एकटीच टेकडी चढून गेली. देवाघरी म्हणजे देवाच्या घरी. देवाचे घर तिने पाहिलेले होते. देऊळ रिकामे होते. तिने गाभाऱ्यात डोकावले, मागे जाऊन पाहिले, पिंपळाभोवती फिरून आली. मग पायरीवर बसली आणि मला मांडीवर ठेवले. आजा पाण्याला खाली गेले असतील, येतील, असे तिला वाटत असावे. ऊन पायरीवरून सरकत अंगणात गेले. तिने काही खाल्ले नव्हते. तिने माझ्यावर लिहिले, "आजा कुठे?" आणि माझे तोंड वाटेच्या बाजूला करून ठेवले, म्हणजे येणाऱ्याला वाचता यावे.

दुपार कलल्यावर वरच्या ठाकूरवाडीतली कोंडी नावाची बाई लाकडाची मोळी घेऊन तिथे विसाव्याला आली. तेजश्रीने मला तिच्यापुढे धरले. कोंडीला वाचता येत नव्हते. तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिले, मोळी उतरवली, कमरेच्या फडक्यातली भाकरी सोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली. मग ती निघून गेली नाही, शेजारी बसून राहिली.

गावभर शोधत निलेश तिथे पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"पोर कवाची बसलीय हितं," कोंडी म्हणाली. "कुनाची वाट बघतीय?"

निलेशने माझ्यावरचे शब्द वाचले. आदल्या दिवशी आपण काय लिहिले होते ते त्याला आठवले असावे, कारण त्याने वळून देवळाच्या गाभाऱ्याकडे पाहिले. त्याने कोंडीला सगळे सांगितले.

"म्हातारा गेला ते सांगितलंच नाय व्हय तिला?"

"सांगितलं. देवाघरी गेला, आसं लिवलं."

कोंडीने तेजश्रीला समोर बसवले. स्वतः पायरीखालच्या मातीत आडवी झाली, डोळे मिटले, हातपाय सैल सोडले. तेजश्रीने तिला हलवले, ती हलली नाही. मग कोंडी उठली, मोळीतल्या चार काटक्या जमिनीवर रचल्या आणि दोन्ही हातांची बोटे वर वर नेत जाळ दाखवला. निलेशकडे बोट केले, आणि त्याच्या बापाची उंची हाताने दाखवली.

तेजश्रीने गावात चिता जळताना पाहिलेली होती. ती एकदम उभी राहिली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःला ऐकू आला नाही. मी तो ऐकला आहे. तिने पेन्सिल घेऊन माझ्यावर दाबून दाबून एकच शब्द लिहिला, "खोटं." तो बापाला दाखवला आणि मला पायरीवर आपटले. माझा कोपरा तुटला तो तेव्हा. चीरही तेव्हाचीच.

कोंडीने मला उचलून निलेशच्या हातात दिले आणि मोळी डोक्यावर घेऊन ती वाटेला लागली.

मित्रांनो, त्यानंतरची चार वर्षे मी नुसती टांगलेली होते. तेजश्री सुट्टीला येई, जेवण झाले की हाताने पुरे म्हणून सांगे, झोप आली की अंथरुणाकडे बोट दाखवी. याहून जास्त बोलणे तिला नको होते. नंदाने एकदा दोनदा मला तिच्यापुढे ठेवले, तर तिने मला पालथे केले. घरात माणसे होती, तरी ती एकटी होती. मी खुंटीवर एकटी होते. आम्ही दोघी एकाच भिंतीला असून एकमेकींकडे बघत नव्हतो.

निवासी शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला तिचे नाव खोपोलीच्या एका हायस्कुलात घातले. ऐकू येणाऱ्या मुलांत ऐकू न येणारी ती एकटीच होती. सरांचे बोलणे कळावे म्हणून बाकावरच्या शेजारणींनी थोडे वहीत लिहून दाखवले, पण चार दिवसांत त्यांना कंटाळा आला. मग नंदाने मला फडक्यात गुंडाळून तिच्या दप्तरात सरकवले. तेजश्रीने मला बाहेर काढले नाही. पण टाकूनही दिले नाही.

मराठीला उझमा मॅडम होत्या. शांत स्वभावाच्या, आणि फळ्यावर सुरेख अक्षर. एके दिवशी त्यांनी अलंकार शिकवायला घेतले. फळ्यावर ओळ लिहिली, "आईचे हात सावलीसारखे असतात." त्याखाली लिहिले, उपमा. मग लिहिले, "आईचे हात म्हणजे सावलीच." त्याखाली, रूपक. मुले उतरवून घेऊ लागली. तेजश्री उठली, फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि दोन्ही ओळींखाली लिहिले, "खोटं. हात हात असतो."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते पुसलेही नाही. तास संपल्यावर त्या तिच्या बाकावर येऊन बसल्या. लिहायला कागद शोधू लागल्या, तेव्हा तेजश्रीने थोडे थांबून मला दप्तरातून बाहेर काढले. चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्यावर पेन्सिल चालली.

मॅडमनी लिहिले, "तुला कोण खोटं बोललं?"

तेजश्रीने सगळे लिहिले. मी भरले की ती पुसे आणि पुढे लिही. मॅडम प्रत्येक वेळी वाचून मान हलवत. त्यांनी तिला लगेच काही समजावले नाही. त्यांनी फक्त विचारले, "राग आला, हे तुमच्या शाळेत खुणेने कसं सांगतात?"

तेजश्रीने बोटे आखडून पोटाजवळ धरली आणि थरथरवत गळ्यापर्यंत वर नेली, जाळ चढावा तशी.

मॅडमनी लिहिले, "हा तर जाळ आहे. तुझ्या पोटात खरंच जाळ आहे का?"

"नाही."

"मग ही खूण खोटी?"

तेजश्रीने ती खूण पुन्हा केली, सावकाश, स्वतःच्या बोटांकडे बघत. "खोटी नाही," तिने लिहिले. "असंच वाटतं."

"तुझे हात रोज रूपक करतात," मॅडमनी लिहिले. "जे दाखवता येत नाही ते दाखवायला जाळ उसना आणतात. फसवणारा वेगळा. त्याला खरं लपवायचं असतं. तुझ्या बाबांना लपवायचं होतं का, ते मला माहीत नाही. तूच विचार."

त्या आठवड्यात मॅडम रोज थोडा वेळ तिच्याशेजारी बसल्या. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की तो श्लेष, हे सांगितले तेव्हा तेजश्रीने लगेच लिहिले, "बहिरी." आणि पहिल्यांदाच त्या शब्दाला ती हसली. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते-बोलते असे म्हटले की ती चेतनगुणोक्ती, हेही मी त्याच बाकावर शिकले. माझ्या मनात जे चालते त्याला एक नाव आहे, हे कळून मला बरे वाटले.

शनिवारी निलेश पाळीवरून आला आणि ओसरीवर बसला. तेजश्री मला घेऊन त्याच्यासमोर आली. माझ्यावर लिहिले होते, "आजा मेला, असं का नाही लिहिलं?"

निलेशने ते वाचले. मग नंदाकडे पाहिले, ती दारात उभी होती. त्याने पेन्सिल घेतली. "तो माझा बाप हुता. लिवाया हात जड झाला."

तेजश्रीने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि उचलून पाहिला, किती जड आहे ते अजमावल्यासारखा. मध्येच ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलेले मी पाहिले. हात तसाच एका हाताने धरून तिने दुसऱ्या हाताने लिहिले, "रूपक?"

"त्यातलं मला काय कळत नाय," निलेश मोठ्याने म्हणाला, आणि मग ध्यानात येऊन त्याने तेच लिहिले. त्याखाली लिहिले, "पन खरं हाय."

तेजश्रीने "खरं" या शब्दाभोवती एक गोल काढला. मग ती बापाच्या खांद्याला टेकून रडली. चार वर्षे ती आजांसाठी रडली नव्हती.

त्यानंतरची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात गजबजलेली. नंदा लिही आणि तेजश्री विचारी, हे सरळ आहे की फिरवून? नंदालाही गंमत वाटू लागली. आपण दिवसभरात किती फिरवून बोलतो, हे तिला या पोरीमुळे कळले. निलेश जाळाची, पाण्याची, झोपेची खूण शिकला. दहावीला मराठीत तेजश्री चांगल्या गुणांनी पास झाली.

मग घरात मोबाइल आला. तेजश्री भराभर संदेश लिही, निलेश चष्मा लावून वाची. मी खुंटीवरून फडताळावर गेले. कुणी मुद्दाम टाकले नाही, माझे काम संपले इतकेच. पुढे ती पुण्याला संगणकाचे शिकायला गेली, वसतिगृहात राहू लागली. निलेश पाळीवर गेला की घरात नंदा एकटी असे. म्हशी विकून टाकल्या होत्या. नंदा रोज मोबाइलवर "जेवलीस?" लिही. "हो" येई. एवढ्यावर बोलणे थांबे. मग ती मोबाइल ठेवून फडताळाला टेकून उभी राही आणि मी तिचा श्वास ऐके. एका घरात आम्ही दोघी होतो, पण मला तिच्याशी बोलता येत नव्हते.

गेल्या श्रावणात एका दुपारी तिने मला खाली घेतले. पदराने धूळ पुसली. माझ्यावर लिहिले, "घर खायला उठतं." मग मोबाइलने माझा फोटो काढून तेजश्रीला पाठवला.

संध्याकाळी निलेशने तो फोटो पाहिला. "आगं, आसं कुनी लिवतं का तिला?" तो म्हणाला. "घाबरंल ती. सरळ लिवायचं."

"सरळ लिवाया मला आलं नाय," नंदा म्हणाली. "जसं वाटलं तसं लिवलं."

मोबाइलवर काही उत्तर आले नाही. नंदा दोन दिवस तो उघडून बघत होती. शुक्रवारी तिने नजर टाकणेही सोडले.

शनिवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. तेजश्री उतरली, पाठीवर पिशवी, केस पावसाने चिकटलेले. नंदा भांडी घासत होती, तिला कळलेच नाही. तेजश्री आत आली, चपला काढल्या, फडताळाला टेकवून ठेवलेल्या माझ्याकडे पाहिले. आईची ओळ अजून तशीच होती. तिने पेन्सिल शोधली आणि त्या ओळीखाली लिहिले, "घराला भूक लागली होती ना? मी आले."

मग तिने जाऊन आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला तिच्यापुढे धरले. नंदाचे हात राखेने भरलेले होते. तिने वाचले, आणि तशाच हातांनी लेकीला जवळ घेतले.

रविवारी संध्याकाळच्या गाडीने तेजश्री परत गेली. घर पुन्हा गप्प झाले. मी पुन्हा वरच्या फळीवर आहे. माझी चीर दर पावसाळ्यात थोडी वाढते, एके दिवशी माझे दोन तुकडे होतील. त्याचे मला फार वाईट वाटत नाही. दगड आहे, तुटायचाच.

मित्रांनो, तुमच्याकडे मागायचे एवढेच आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणीतरी असे असेल ज्याला तुमचे बोलणे जसे म्हटले तसेच पोचते. ते ऐकू न येणारे असेल, दुसऱ्या बोलीतले असेल, नाहीतर नुसतेच फार सरळ मनाचे असेल. तुम्ही हसता तेव्हा त्याला हसू कशाचे ते सांगा. अलंकार पाठ करा, परीक्षेत गुणही मिळवा. पण कुणाला काही फिरवून सांगितलेत, तर सांगून लगेच उठू नका. त्याच्या चेहऱ्याकडे बघत थोडे थांबा. पोचले की नाही, ते तिथेच लिहिलेले असते.